कॉर्बेटसाठी दुर्बीण कोणती? बजेट ६ हजार

रानवाटा_कोथरूड: मार्चअखेर कॉर्बेटला चाललोय, ढिकालाला दोन रात्री मिळाल्यात. मी, बायको आणि आठ वर्षांचा लेक. दुर्बीण ६ हजारांत बसवायचीये, ८ बाय ४२ घेऊ की १० बाय ५०? कॅमेरा नकोय, आधीच सांगतो.

मुठाकाठ: माझी ४२ हजारांची आहे, दहा वर्षं झाली, काच अजून कोरी. एकदाच काय तो खर्च करा.

रानवाटा_कोथरूड: अहो ६ हजार लिहिलंय वर.

पक्षीवेडा: ८ बाय ४२च. पहिला आकडा म्हणजे किती पट दिसतं ते, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीत हात जरा हलला की चित्र नाचतं, त्यात जिप्सीचं इंजिन चालू असेल तर विचारूच नका. आणि ८ला दृश्य रुंद मिळतं, सालाच्या झाडीत पटकन काही शोधायचं तर तेच लागतं. ढिकालाच्या चौरात, म्हणजे त्या मोठ्या गवताळ मैदानात, हत्ती लांब असतात पण तो हत्ती आहे हो, ८ पुरतं.

अप्पा_७१: एवढ्या लांब कशाला? भीमाशंकरला शेकरू नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ६ हजार वाचले.

पक्षीवेडा: अप्पा, रामगंगेत मगर आणि सुसर दोन्ही आहेत. भीमाशंकरला दाखवा, मग बोलू. कॉर्बेट १९३६चं आहे, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान.

अप्पा_७१: तेव्हा नाव हेली होतं. कॉर्बेट नंतर झालं.

चिंब_बावधन: मी स्वस्तातली घेतलेली, ताम्हिणीच्या एका पावसात आत बुरशी. दुकानदार म्हणे पावसात नेलीतच कशाला. वॉटरप्रूफ बघूनच घ्या.

स्मिताताई: पहाटे उघड्या जिप्सीत मार्चमध्येही कुडकुडायला होतं, लेकाला कानटोपी न्या. ओळखपत्रं ओरिजिनल, झेरॉक्सवर राहू नका. आणि तिघांत एक दुर्बीण म्हणजे भांडण ठरलेलं, आमच्याकडे झालंय.

मुठाकाठ: ८ बाय ४२च घ्या. पण चांगली.

रानवाटा_कोथरूड: सगळ्यांचे आभार. काल तपकीर गल्लीत गेलो, ८ बाय ४२ मला बरी वाटली. लेकाने १० बाय ५० डोळ्याला लावली आणि समोरच्या गच्चीवरचे पापड मोजून दाखवले. ५८००ला तीच घेतली. वॉटरप्रूफ नाहीये.

पक्षीवेडा: मग ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावा, आणि लेकाला कोपर जिप्सीच्या दांडीवर टेकवून धरायला शिकवा.

अप्पा_७१: पापड मोजायला कॉर्बेट कशाला?