मदत हवी: एसजीएमआयआय लिंक १००० मेगाबिटला चालते, १०० ला एआरपीसुद्धा (पत्ता विचारणारी पहिली फ्रेम) जात नाही

वेर्णा_बेंच:
एसओसी (मुख्य चिप) आणि गिगाबिट फाय (इथरनेट केबल हाताळणारी चिप) यांच्यामध्ये एसजीएमआयआय ही सिरियल जोडणी आहे. ट्रेस साधारण ६० मिमी, दोन्ही दिशांना १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर. लॅपटॉप लावला की १००० ला सगळं सुरळीत. पण बोर्ड जायचाय औषध कारखान्यात आणि तिथल्या जुन्या पीएलसीचा (मशीन कंट्रोलरचा) पोर्ट १०० चाच. १०० ला जॅकवरचा दिवा लागतो, फाय लिंक दाखवतो, पुढे काही नाही. एथटूलमध्ये (लिनक्सची नेटवर्क तपासायची कमांड) आरएक्स सीआरसी एरर (आलेल्या फ्रेमचा चेकसम चुकणं) चढतात. समोरून स्टॅटिक एआरपी टाकून मोठा पिंग मारला तर ओव्हरसाइझचा (मर्यादेपेक्षा मोठ्या फ्रेमचा) आकडा चढतो. पीसीएसचं (एसओसीतला, या जोडणीचं कोडिंग करणारा भाग) ऑटोनिगोसिएशन (दोन्ही टोकांनी मोड आपसात ठरवणं) बंद ठेवलंय, कारण चालू केलं की १००० लाही लिंक येत नाही.
स्कोप २०० मेगाहर्ट्झचा. कपॅसिटर बदलून बघू का? चवथीआधी बोर्ड द्यायचाय.

साळकाठ:
कपॅसिटरना हात लावू नका. केबलवर १०० असो वा १०००, त्या ६० मिमीत वेग १.२५ गिगाबॉडच राहतो. १०० ला फाय प्रत्येक बाइट १० वेळा पाठवतो, १० ला १०० वेळा. १००० चालतंय म्हणजे ट्रेस, पोलॅरिटी, रेफरन्स क्लॉक यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नाही.

तुमचा पीसीएस एसजीएमआयआयऐवजी १०००बेस-एक्स मोडमध्ये (फक्त १००० ला चालणारा) बसलाय. पुरावा तुम्हीच दिलात. या मोडला बाइट दहादा आलेत हे कळत नाही: पहिला डी५ (फ्रेम सुरू होते सांगणारा बाइट) फ्रेमची सुरुवात धरला जातो, उरलेले नऊ डी५ डेटा म्हणून आत येतात, आणि ६४ बाइटची फ्रेम ६४० च्या वर जाते. म्हणून सीआरसी. १४०० चा पिंग १४ हजारांवर जातो, म्हणून ओव्हरसाइझ. उलट दिशेला फाय दर दहावा बाइटच उचलतो, केबलवर भुसा जातो.

ऑटोनिगोसिएशन चालू करून पीसीएसची रजिस्टरं वाचा. रजिस्टर ४ मध्ये (आपण पाठवतो तो शब्द) हेक्समध्ये ४००१ हवं. तिथे ०१ए० किंवा ००२० असेल तर निदान पक्कं. ५ मध्ये फायकडून १०० फुल डुप्लेक्सला (एकाच वेळी दोन्ही दिशा) डी४०१ येतं, १००० ला डी८०१. १०००बेस-एक्स या शब्दात डुप्लेक्स बिट ५ वर शोधतो, तिथे ० मिळतं. शिवाय एसजीएमआयआयचं डुप्लेक्सचं बिट १२ त्याला रिमोट फॉल्ट वाटतं. मग लिंक येणार कुठून! रजिस्टर १ मात्र लागोपाठ दोनदा वाचा; त्यातलं लिंकचं बिट एकदा पडलं की वाचेपर्यंत पडलेलंच राहतं.

डिव्हाइस ट्रीत (लिनक्सला हार्डवेअर सांगणारी फाइल) फाय-मोड एसजीएमआयआय असला तरी ड्रायव्हर पीसीएसचा मोड बिट लिहितोच असं नाही. तिथेच मॅनेज्डला इन-बँड-स्टेटस (वेग त्याच जोडणीतून कळवणं) द्या, फायमध्येही इन-बँड चालू हवं, आणि लिंक टायमर १० मिलिसेकंदांचा १.६ करा.

तांबडी_माती:
साळकाठशी सहमत, फक्त पोलॅरिटीबद्दल पुढच्या बोर्डासाठी एक. पी-एन (जोडीतल्या दोन रेषा) उलटे जोडले तरी के२८.५ (बाइटची सीमा ओळखायचा कोड) हा के२८.५ च राहतो, म्हणून सिंकचं बिट लागू शकतं. पण त्यामागचा डी२१.५ उलटून डी१०.२ होतो, कॉन्फिग शब्द ओळखूच येत नाही आणि ऑटोनिगोसिएशन कायम अडकतं. स्कोपचं म्हणाल तर एका बिटाची रुंदी ८०० पिकोसेकंद. २०० मेगाहर्ट्झमध्ये सिग्नल आहे की नाही एवढंच कळेल, आय-डायग्रामचं (सिग्नलची शुद्धता दाखवणाऱ्या आकृतीचं) नाव काढू नका.

वेर्णा_बेंच:
४ मध्ये ०१ए०, ५ मध्ये डी४०१. मोड बिट हाताने लिहिला, टायमर बदलला: ४००१ आलं आणि १०० ला पिंग सुरू. ड्रायव्हरचा पॅच आता करतोय. एकच शंका, १००० ला रात्रभर चालवलं की दोन-तीन सीआरसी दिसतात. हे ट्रेसचं का?

साळकाठ:
आधी केबलची बाजू वगळा. फायच्या रजिस्टर १० (दशमान) ची खालची ८ बिटं म्हणजे आयडल एररची मोजणी, वाचली की शून्य होते. ती वाढत असेल तर जॅक आणि ट्रान्सफॉर्मर बघा. नसेल तर दोन्ही बाजूंना सोय असल्यास पीआरबीएस-७ (ठरावीक आभासी-यादृच्छिक बिटांची चाचणी) लावा. एकही एरर न येता ४० मिनिटं गेली तर बीईआर (चुकणाऱ्या बिटांचं प्रमाण) १०⁻¹² हून चांगला, ९५ टक्के खात्रीने. चाचणी बंद कॅबिनेटमध्ये, बोर्ड तापल्यावर घ्या. एसीच्या वाऱ्यात सेर्डेसच्या (सिरियल सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग) सप्लायची खोट दिसणार नाही.