अकोल्यात चालणारा कूलर रत्नागिरीत का चालत नाही? (वरचा मजला, दमट उकाडा)

वऱ्हाडी_बिऱ्हाड:
अकोल्याहून रत्नागिरीत बिऱ्हाड हलवलंय. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. झोपायची खोली दहा बाय बारा, एक खिडकी पश्चिमेला, एक उत्तरेला. सोबत लोखंडी कूलर आणलाय, गवताच्या ताट्यांचा. तिकडे ४३-४४ अंशांत हाच कूलर पांघरूण घ्यायला लावायचा. इथे पारा ३४ च्या वर फारसा जात नाही, तरी कूलर लावला की अंथरूण चिकट, फरशी ओलसर आणि जीव नकोसा. ताट्या बदलू? मोठा पंप लावू? टाकीत बर्फ टाकू? एसी घ्यायचाच झाला तर एक टन की दीड? घरात ७२ वर्षांची आई आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

खारा_वारा:
ताट्या राहू द्या, पंप राहू द्या, बर्फाचे पैसे वाचवा. कूलर धडधाकट आहे, इथल्या हवेतच आणखी पाणी मावायला जागा नाही.

कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जिथे थांबतो, त्याच्या खाली कूलर कधीच जाऊ शकत नाही. अकोल्याच्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरा, ओला थर्मामीटर २२ च्या आसपास थांबतो. चांगल्या ताट्या या फरकाचा साधारण ८० टक्के भाग पार करतात, म्हणजे झोत २६ चा. रत्नागिरीत ३३ अंश आणि ६८ टक्के आर्द्रता धरा, ओला थर्मामीटर २८ वर अडतो. झोत मिळणार २९ चा, तोही पाण्याने गच्च भरलेला. त्या हवेत घाम वाळत नाही, आणि अंगाला खरा गारवा घाम वाळण्यानेच येतो. चार अंश कमवायचे आणि घामाची वाट बंद करायची, असा हा सौदा.

घरी पडताळायचं असेल तर दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या बुडाला ओलं मलमल गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर दहा मिनिटं धरा. फरक १० अंशांच्या वर असला तर कूलर लावा, ५-६ च्या खाली असला तर पाण्याची तोटी बंद ठेवा.

बर्फाचा हिशेब सांगतो, कारण दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच. पाच किलो बर्फ वितळून त्याचं पाणी खोलीइतकं कोमट होईपर्यंत जेवढी उष्णता शोषतो, तेवढी एक टनाचा एसी दहा-अकरा मिनिटांत काढतो. संपलं.

कूलर भंगारात मात्र देऊ नका. ताट्या काढा, टाकी पूर्ण रिकामी करून पुसून ठेवा (तळाशी उरलेल्या बोटभर पाण्यातही डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात) आणि पंप बंद ठेवून त्याला नुसता पंखा म्हणून उत्तरेच्या खिडकीत लावा. सूर्य बुडाल्यावर बाहेरची हवा खोलीपेक्षा गार होते, ती आत ओढायला यासारखं यंत्र नाही. समोरची खिडकी किंवा दार सताड उघडं हवं, नाहीतर पंखा नुसताच घुमतो.

आणि विदर्भातली एक सवय सोडा: दुपारी दारं-खिडक्या लावून काळोख करून बसणं. इथे दुपारी खारे वारे (समुद्रावरून जमिनीकडे येणारे) सुरू होतात, ते घरात येऊ द्या. ज्या दिवशी पूर्वेकडचा वारा जोर धरतो आणि खारा वारा उशिरा येतो, तोच दिवस सगळ्यात तापतो. तेवढ्या दिवशी वारा फिरेपर्यंत खिडक्या बंद ठेवा.

गच्चीवरचा:
हवेचं वरती आलंच आहे, पण तुमचा निम्मा त्रास स्लॅबचा आहे. मे महिन्यात उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग पन्नाशी ओलांडतो. पाच इंची काँक्रीट ती उष्णता तीन-चार तासांनी खाली सोडतं. म्हणून संध्याकाळी पंखा लावला की वरून गरम हवाच येते. छताला हात लावून बघा, सहा-सात वाजता ते सर्वांत तापलेलं असतं.

सगळ्यात स्वस्त उपाय चुना. चुनकळी (न विरवलेल्या चुन्याचे खडे) आणा. किलोला पाचेक लिटर पाणी धरा आणि पाण्यात चुनकळी थोडी थोडी सोडत जा. उलट केलंत तर उकळून अंगावर उडेल. लोखंडी पिंप घ्या, प्लॅस्टिकची बादली उष्णतेने वाकते. डोळ्यांना चष्मा हवाच. चोवीस तास विरू द्या, जाड कापडाने गाळा. किलोमागे वीसेक ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, पाणी मारून ओली करा आणि ऊन उतरल्यावर दोन-तीन हात द्या. बहुतेक जण कोरड्या तापलेल्या स्लॅबवर मारतात. स्लॅब पाणी पिऊन टाकतो आणि चुना भुकटी होऊन वाऱ्यावर जातो. पावसात तसाही धुऊन जाणार, त्यामुळे खर्च दरवर्षीचा. टिकाऊ हवं असेल तर गच्चीसाठीचा परावर्तक पांढरा रंग मिळतो, पण आधी भेगा भरून घ्या. रंगाखाली ओल अडकली तर पापुद्रे सुटतात.

त्याहून चांगलं म्हणजे सावली. नारळाच्या झापांचा मांडव नाहीतर ७५ टक्क्यांचं शेडनेट, स्लॅबपासून किमान दोन फूट वर, खालून वारा खेळेल असं. नेट स्लॅबला टेकवून अंथरलंत तर ते स्वतः तापून स्लॅबला तापवतं. जून लागायच्या आत उतरवा. भाड्याचं घर असो की सोसायटी, गच्ची सामाईक असते, तेव्हा आधी विचारा.

माडाखालची_विहीर:
एवढा खटाटोप कशाला? दुपारी गच्चीवर चार बादल्या पाणी मारा.

गच्चीवरचा:
पाणी मारल्याने स्लॅब नक्की उतरतो. तो ५० च्या घरात असतो, त्यामुळे दमट हवेतही पाणी झपाट्याने उडतं. पण चार बादल्या अर्ध्या तासात संपतात, मग परत चार. मे महिन्यात इथे गावोगाव टँकर फिरत असताना हे पाणी आणायचं कुठून? शिवाय तापलेल्या स्लॅबवर एकदम गार पाणी पडत राहिलं की बारीक भेगा रुंदावतात आणि जुलैत छत गळतं.

थंड_डोक्याचा:
एसीबद्दल. दहा बाय बाराला एरवी एक टन पुरतो. उघड्या स्लॅबखाली दीड लागतो, पण इन्व्हर्टर एसीच घ्या (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा). चुना किंवा सावली आधी केलीत तर एक टनातच भागेल. "मोठा घेतला की लवकर गार" हे इथे उलटं पडतं: साधा मोठा एसी पाच-सात मिनिटांत तापमान गाठून बंद पडतो, कॉइलवर (आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर) जमलेलं पाणी नळीतून उतरायच्या आतच परत हवेत मिसळतं. खोली गार आणि दमट, अंगाला ओल्या गोधडीसारखी.

२६ वर ठेवा, एसीचा ब्लोअर कमी वेगावर, छताचा पंखा एक-दोनवर. ब्लोअर मंद असला की कॉइल जास्त गार राहते आणि जास्त पाणी ओढते. पावसाळ्यात ड्राय मोड (मुख्यतः हवेतला दमटपणा काढणारा) उपयोगी. मे महिन्यात त्याने फारसं गार होत नाही. बाथरूमचं दार बंद ठेवा आणि खोलीत कपडे वाळत घालू नका.

बसवताना तीन गोष्टी स्वतः बघा. वेगळी लाइन: दीड टनाला ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी. पाण्याच्या नळीला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार, आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडता कामा नये, नाहीतर हवा कोंडून पाणी भिंतीवरून आत येतं. तिसरं, कॉइल तांब्याची घ्या आणि बाहेरचं युनिट समुद्राच्या तोंडावर लावू नका. मिठाने फिन्स (कॉइलवरच्या पातळ पत्र्या) खाल्ल्या जातात. पंधरा दिवसांनी मेन बंद करून साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर पंप मारलात तर फिन्स आडव्या होतात.

पंखा मंद फिरत असेल तर नवा घेण्याआधी कपॅसिटर बदला, बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा असतो.

आगळवेगळी:
आईंसाठी. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि अमृत कोकम (कोकमाचं गोड सरबत) यात गल्लत करू नका. आगळात मीठ भरपूर असतं, ते बीपीवाल्यांना रोज ग्लासभर नको. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक, मधुमेह असला तर तोही जपून. बिनमिठाची आमसुलं मिळाली तर रात्री भिजवून, कुस्करून, जिरेपूड घालून द्या. ओआरएसची पुडी ही ज्याला भरपूर घाम गेलाय किंवा जुलाब झालेत त्याच्यासाठी, एक अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. अर्ध्या पुडीचा अंदाज करू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळा लागतानाच डॉक्टरांना दाखवा. अंगातलं पाणी आणि सोडियम उतरून चक्कर येते, आणि घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात.

घामोळ्यांवर तेल किंवा जाड पावडरीचा थर नको, घामाची तोंडं आणखी बुजतात. गार पाण्याने अंघोळ, नीट पुसणं, सैल सुती कपडे, खाज असेल तर कॅलामाइन. जांघेत गोल, कडा लाल असलेला चट्टा दिसला तर तो नायटा. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. दोन दिवस खाज थांबते आणि नायटा पसरतो.

बोलणं असंबद्ध झालं आणि अंग चटका बसेल इतकं तापलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता आणि पंखा लावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. क्रोसिनने हा ताप उतरत नाही.

वऱ्हाडी_बिऱ्हाड:
मंडळी, आभार. आधी चुना, मग एक टन इन्व्हर्टर असं ठरवतोय. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावू की काचेला काळी फिल्म?

गच्चीवरचा:
दोन्ही नको. पडदा आतून लावला की ऊन काचेतून आत आलेलंच असतं. फिल्म ऊन अडवते, पण काच स्वतः तापते. बांबूची चिक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा) काचेच्या बाहेर लावा, खाली वीतभर फट ठेवून, म्हणजे खारा वारा अडणार नाही. दोरी गॅलरीच्या गजाला बांधा, संध्याकाळचा वारा चिक फडफडवतो.