तीन वर्षांच्या खंडानंतर डेटा विश्लेषणात परतताना: एआयच्या काळात ग्राहक-संशोधनातच राहावे का?

रानजाई (पुणे)

नमस्कार. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आणि त्यानंतर सहा वर्षे मुंबईतील एका ग्राहक-संशोधन संस्थेच्या डेटा प्रोसेसिंग विभागात काम केले. प्रश्नावल्यांतील विसंगती शोधणे, एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसटॅब (दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांसमोर मांडणारे तक्ते) काढणे, नमुन्याला वेटेज लावणे (कमी-जास्त आलेल्या गटांना लोकसंख्येतील प्रमाणानुसार वजन देणे) आणि ‘हे उत्पादन आपल्याला का आवडले?’ अशा मोकळ्या प्रश्नांच्या उत्तरांना कोड देणे, म्हणजे सारख्या अर्थाची उत्तरे एका गटात टाकणे, हे माझे रोजचे काम होते. मुलीच्या जन्मानंतरची रजा आणि त्यापुढचा खंड मिळून आता तीन वर्षे झाली आहेत. परतायचे ठरवले तेव्हा लक्षात आले, की ज्या कामात माझा हात बसला होता त्यातील बराच भाग भाषा-मॉडेलांकडे (मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एआय साधनांकडे) गेला आहे. मागच्या महिन्यात एका मुलाखतीत मला सांगण्यात आले, की दहा हजार उत्तरांचे कोडिंग आता दुपारच्या जेवणाआधी उरकते, आणि त्याला लागूनच मुलीला कोण सांभाळते असे विचारले गेले. पहिल्या वाक्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही, आणि दुसरा प्रश्न मला विचारला जायलाच नको होता असे आजही वाटते.

माझ्यासमोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम करून बँकेत किंवा आयटी कंपनीत जाणे, आणि दुसरी म्हणजे ग्राहक-संशोधनातच राहून नवी साधने शिकणे. मन दुसऱ्या वाटेकडे ओढते, पण ती ओढ केवळ सवयीची आहे की तिच्यात काही तथ्य आहे, हे मला ठरवता येत नाही. या क्षेत्रातील अनुभवी मंडळींनी, विशेषतः खंडानंतर परतलेल्या स्त्रियांनी, मार्गदर्शन करावे ही विनंती.

पाऊलखूण (मुंबई)

रानजाई, मी या व्यवसायात एकवीस वर्षे आहे आणि त्यातील निम्मी तुमच्यासारखीच टॅब-प्लॅन (कोणते तक्ते काढायचे याचा आराखडा) लिहिण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मुलाखतीत तुम्ही ऐकले ते खरे आहे. पण ती दहा हजार उत्तरे कोणाची होती, हे तिथे कोणी विचारले नाही, आणि सहा वर्षे तुम्ही नेमके तेच विचारायला शिकलात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के आढळले, तर स्वतः वापरत असलेला मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. त्यानंतर परिस्थिती पुढे सरकली आहे, हे मान्य. तरीही तेल, चहा, कपड्यांची पावडर, पीठ यांची निवड ज्या घरात सासू किंवा सून करते, तिथली ती बाई खरेदीच्या संकेतस्थळावर अभिप्राय लिहीत नाही. केवळ अशा अभिप्रायांवर चालणारे मॉडेल लिहिणाऱ्यांचे मत अचूक सांगते, आणि न लिहिणाऱ्यांविषयी तितक्याच आत्मविश्वासाने चुकते.

संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला तक्ता तुम्ही वापरला असेलच. घरातील प्रौढ व्यक्तींची यादी करून मुलाखत कोणाची घ्यायची हे त्या तक्त्यावरून ठरते, दार कोणी उघडले यावरून नव्हे. त्यामुळेच स्वयंपाकघरात असलेल्या सुनेपर्यंत प्रश्न पोहोचतो. हा विचार ज्याच्या अंगवळणी पडला आहे, असा माणूस आजच्या विश्लेषण विभागांत मला फार कमी दिसतो.

वर्गीकरणाचेही तसेच आहे. २०११ पासून आपण जी ग्राहक-वर्गवारी (घरांना राहणीमानानुसार गटांत टाकण्याची पद्धत) वापरत आलो, ती मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत, यावर उभी होती. तिच्यानंतर आलेल्या वर्गवारीत वस्तूंची मोजदाद नाही. मुख्य कमावत्या व्यक्तीचा व्यवसाय, घरातील सर्वाधिक शिकलेल्या पुरुषाचे शिक्षण आणि सर्वाधिक शिकलेल्या स्त्रीचे शिक्षण विचारात घेतले जाते. घरातील शिकलेल्या बाईमुळे घराचा वर्ग बदलू शकतो, ही गोष्ट मला व्यक्तिशः फार महत्त्वाची वाटते. पण दोन्ही वर्गवाऱ्यांचे आकडे एकाच आलेखात जोडले, तर बाजार बदलल्याचा आभास निर्माण होतो, आणि जुनी माहिती मॉडेलला देताना ही चूक सहज होते.

आता ‘सिंथेटिक’ उत्तरदात्यांविषयी. ‘तू नागपूरची चाळीस वर्षांची गृहिणी आहेस’ असे मॉडेलला सांगून त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत वाढते आहे. त्या उत्तरांची सरासरी अनेकदा पटण्याजोगी असते, पण खऱ्या माणसांच्या उत्तरांत जो विखुरलेपणा असतो तो त्यांत कमी पडतो, आणि लहान गटांत ती अधिकच फसतात. प्रश्नावलीची पूर्वतपासणी करायला ती मी वापरते. किंमत ठरवायला वापरू देत नाही.

म्हणून माझे मत असे, की तुम्ही इथेच राहावे. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकावेच लागेल आणि संख्याशास्त्राच्या पायावर ते चार महिन्यांत कामापुरते येईल. त्याहून अधिक वेळ मॉडेलचे काम तपासण्याची रीत शिकण्यात घाला. दोन माणसांनी दिलेल्या कोडांत किती एकमत आहे हे मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचा १९६० मधला ‘कप्पा’ हा निर्देशांक आपण वापरत होतो. आज एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला मॉडेल ठेवून तेच मोजायचे आहे.

मुलीविषयीच्या प्रश्नाबद्दल इतकेच सांगते, की मीही तो ऐकला आहे. ‘मी कोणत्या वेळेत उपलब्ध असेन ते सांगते, कामाविषयी पुढे बोलू’ असे शांतपणे म्हणावे. ज्यांना तेवढे पुरत नाही, त्यांच्याकडे मी गेले नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही.

शब्दगणित

मी भाषा-तंत्रज्ञानात काम करतो, त्यामुळे फक्त मराठीपुरते लिहितो. पुण्यातील एल३क्यूब या भाषा-संशोधन गटाने २०२१ मध्ये भावनांचे लेबल लावलेल्या सुमारे १६ हजार मराठी ट्विटांचा संच खुला केला आणि पुढे मराठीसाठी मॉडेलेही दिली. हे मोलाचे काम आहे. पण ट्विटातली मराठी वेगळी आणि घरच्या ओट्यापाशी बोलली जाणारी वेगळी. अनेक प्रकल्पांत मराठी उत्तर आधी इंग्रजीत नेऊन मग त्याला कोड देतात, आणि अर्थ तिथेच निसटतो. ‘या मसाल्याने भाजी मिळून येते’ हे वाक्य ‘उपलब्धता’ या कोडाखाली गेलेले मी पाहिले आहे. ‘नाव ठेवायला जागा नाही’ ही स्तुती नकाराकडे झुकते, आणि ‘तेल जड पडते’ हे पोटाला की खिशाला, ते आधीच्या वाक्यावाचून कळत नाही. ही चूक जिला वाचताक्षणी खटकेल आणि ती चूक एकूण निकाल किती हलवते हेही जिला मोजता येईल, अशी व्यक्ती आमच्या गटाला दोन वर्षे हवी होती.

गोदाकाठ (नाशिक)

मी फिल्ड सुपरवायझर आहे. मुंबईतील वातानुकूलित खोलीत आकडे येतात, त्याआधी ते आमच्या मुली उन्हात दारोदार फिरून गोळा करतात, आणि त्यांना बहुतेक ठिकाणी पूर्ण झालेल्या मुलाखतीमागे पैसे मिळतात. दारात उभी असलेली बाई ‘घरात कोणी नाही’ असे म्हणते, कारण स्वतःला ती मोजतच नाही. तिला बसवून बोलते करायला अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे नसतात. आता टॅबलेटवर स्थान आणि आवाज दोन्हींची नोंद होते, आणि संशयास्पद मुलाखती यंत्र वेगळ्या काढते. पण मुलाखत फार लवकर संपली म्हणून खोटी ठरवली जाते, तेव्हा उत्तर देणाऱ्या बाईला शेतावर जायची घाई होती हे यंत्राला माहीत नसते. ताई, तुम्ही परत कामाला लागलात की महिन्यातून एक दिवस आमच्याबरोबर फिरा. आणखी एक विनंती. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट आणि ठरावीक हेतूपुरती असली पाहिजे; तेव्हा आवाज ध्वनिमुद्रित होतो आहे हे वाक्य प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर आणि साध्या मराठीत असू द्या.

उत्तररात्र (बेंगळुरू)

थोडे वेगळे मत मांडते. पाऊलखूण यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, की संशोधन संस्थांची अंदाजपत्रके ग्राहक-कंपन्यांच्या हातात असतात आणि मंदी आली की पहिला खर्च तिथेच कापला जातो. मी चार वर्षांपूर्वी संस्थेतून एका ॲप-कंपनीच्या विश्लेषण विभागात आले. इथे लोक काय म्हणतात यापेक्षा काय करतात हे मोजले जाते. निम्म्या वापरकर्त्यांना ॲपची एक स्क्रीन आणि निम्म्यांना दुसरी दाखवून फरक बघता येतो, आणि निर्णय आठवड्याभरात होतो. हे शिक्षण मला संस्थेत मिळाले नसते. मात्र लोक मध्येच खरेदी का सोडतात, या प्रश्नापाशी आमचे आकडे गप्प होतात आणि तेव्हा मला जुनी प्रश्नावलीच काढावी लागते. रानजाई, दोन वर्षे इकडे काढून परत गेलात तर तुमचे पारडे जड होईल असे मला वाटते.

रानजाई (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचल्यावर तीन आठवडे एक छोटा प्रयोग केला, त्याची हकिगत कळवते.

आमच्या सोसायटीतील आणि शेजारच्या बचत गटातील साठ जणींना, नाव न घेता आणि संमती विचारून, ज्वारीच्या तयार पिठाविषयी एकच मोकळा प्रश्न विचारला. त्यांची उत्तरे मी आणि माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीने एकमेकींना न दाखवता कोड केली, आणि मग तीच कोडफ्रेम (कोडांची यादी) देऊन मॉडेलकडून करून घेतली. किंमत, चव, पाकिटाचा आकार या बाबतींत मॉडेल आम्हा दोघींच्या जवळपास होते. पण ‘पीठ विरी गेलंय’ असे अनेकींनी म्हटले होते, म्हणजे पीठ जुने होऊन त्याचा चिकटपणा गेला आहे आणि भाकरी थापताना मोडते. ही सर्व उत्तरे मॉडेलने ‘इतर’ या कोडात टाकली. पीठ विकणाऱ्यासाठी साठवणुकीची आणि तारखेची ती सर्वांत महत्त्वाची तक्रार होती, आणि अंतिम तक्त्यात ती दिसलीच नसती.

उत्तररात्र, तुमचा सल्ला मी बाजूला ठेवलेला नाही आणि एसक्यूएलचा अभ्यास सुरू केला आहे. पण येत्या गुरुवारी एका संशोधन संस्थेत मुलाखत आहे आणि तिथे मी हे साठ उत्तरांचे काम घेऊन जाणार आहे. शब्दगणित, एक विचारायचे राहिले: कोडफ्रेममधील प्रत्येक कोडाखाली बायकांच्या तोंडची दोन-तीन मराठी वाक्ये उदाहरण म्हणून दिली, तर मॉडेलचा निकाल सुधारतो का? आणि तपासणीसाठी वेगळी ठेवलेली उत्तरे त्या उदाहरणांत येऊ नयेत, याची काळजी तुमच्याकडे कशी घेतात?