३८ हजारला क्लच प्लेटा जातात का? (शंभर सीसी, रोजचा यवतेश्वर घाट)

कासरोडकर:
नमस्कार मंडळी. गाडी शंभर सीसी, चार गिअरची, ३८ हजार किलोमीटर झालेली. रोज पहाटे दूध घेऊन साताऱ्यात उतरतो आणि परत वर जाताना मागं बहुतेक वेळा पेंडीचं ५० किलोचं पोतं असतं. हल्ली समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा चढ लागला की तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही तेवढी ओढत नाही. सपाटीला रिकामी असली की काहीच जाणवत नाही. गॅरेजवाले म्हणाले, "प्लेटा गेल्या, अख्खा सेट टाकू." शेजारचे काका म्हणतात, त्यांच्या गाडीला ६० हजार झाले तरी क्लचला हात लावलेला नाही. मग क्लच टिकतो तरी किती? खर्चाला ना नाही, पण दूध एक दिवस थांबत नाही. गाडी उघडायची तर कारणासाठीच उघडावी.

मिरजकर_सव्वाशे:
माझ्या पहिल्या प्लेटा ५० हजारांच्या पुढं गेल्या. पण सांगली-मिरज रस्त्याला चढ कुठला! तुमच्या घाटाशी त्याची बरोबरी होणार नाही. इंजिन ऑइल कुठलं टाकता?

जुना_फिटर_कराड:
दादा, किलोमीटरवर क्लचचं वय ठरत नाही. लिव्हर पूर्ण सोडलेली असते तेव्हा प्लेटा एकमेकींना घट्ट धरून एकत्र फिरतात, त्यात झीज जवळजवळ नाहीच. झीज होते ती घसरताना, म्हणजे अर्ध्या क्लचवर. घाटात वळणावर गिअर कमी न करता लिव्हर थोडी दाबून गाडी ओढली की प्लेटा तापतात. मागं पोतं असलं तर आणखीच. त्यामुळं २०-२५ हजारांत संपलेल्या प्लेटाही मी काढल्यात आणि ६० हजारांच्या पुढं गेलेल्या चांगल्याही पाहिल्यात. कुंभार्ली घाटात रोज ये-जा करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी किलोमीटर विचारतच नाही, गाडी कशी चालवतो ते विचारतो.

पण झाकण उघडायच्या आधी दोन गोष्टी बघा.

पहिली क्लच वायर. लिव्हरच्या टोकाला मोकळीक, म्हणजे क्लच सुटायला लागायच्या आधी लिव्हर जेवढी सैल हलते ती, असलीच पाहिजे. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांना ती १० ते २० मिमी असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. प्लेटा झिजतात तशी ही मोकळीक आपोआप कमी होत जाते. वायर ताणलेली राहिली की लिव्हर सोडली तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटाही घसरून जळतात. नट फिरवायला पाच मिनिटं लागत नाहीत, पण गॅरेजात गर्दी असली की हेच राहून जातं. याचा मला फार राग येतो, कारण भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो. उलट मोकळीक फार झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग न्यूट्रल लागत नाही आणि लिव्हर दाबूनही गाडी पुढं सरकते. ती तक्रार वेगळी, तुमची ती नाही.

दुसरी गोष्ट ऑइल. मिरजकरांनी बरोबर विचारलं. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं इंधन वाचवणारं पातळ ऑइल घर्षण कमी करण्यासाठी बनवलेलं असतं, आणि क्लचला तर घर्षणच हवं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकला चालणाऱ्या ऑइलची खूण) असं लिहिलेलं बघूनच घ्या.

हे दोन्ही ठीक निघालं की चाचणी घ्या. वाढे फाट्याकडं रिकामा सरळ रस्ता बघून चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगाला थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. आवाज एकदम चढला आणि वेग मागंच राहिला तर प्लेटा संपल्या. आवाज आणि वेग बरोबर वाढले तर अजून थांबता येईल.

वाई_पसरणी:
एक सांगतो, घसरायला लागलेला क्लच घेऊन महिनोन्महिने फिरू नका. झिजलेल्या प्लेटांचा भुगा ऑइलमध्ये उतरतो, आणि तेच ऑइल सगळ्या इंजिनात फिरतं. जळका वास आला तर त्याच आठवड्यात काम करून घ्या.

कासरोडकर:
मोकळीक अजिबात नव्हती! ऑइल मात्र बाइकचंच आहे, डब्यावर एमए२ आहे. वायर सैल करून चौथ्या गिअरची चाचणी घेतली. सपाटीला आवाज थोडाच चढला. पण पोतं घेऊन घाटात गेलो तर तसंच घसरतंय. आता उघडतोच. सेटमध्ये काय काय बदलू?

जुना_फिटर_कराड:
मग उघडायलाच हवी. ताणलेल्या वायरीवर बराच काळ चालली असणार. अस्तराच्या प्लेटा (घर्षणाचा थर चिकटवलेल्या, झिजतात त्या) बदलाच, आणि त्यांच्याबरोबर स्प्रिंगाही. भार ओढणाऱ्या गाडीला जुन्या दबलेल्या स्प्रिंगा ठेवू नका. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून बघायला सांगा. सपाट बसल्या आणि निळ्या पडलेल्या नसल्या तर त्याच चालतील, नसल्या तर त्याही नवीन. हाऊसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या) बोटांवर खाचा पडल्यात का तेही बघा, नवीन प्लेटा त्या खाचांत अडकल्या की क्लच झटके देतो. प्लेटा बसवायच्या आधी ताज्या ऑइलमध्ये भिजवून ठेवायला लावा, कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच करपतात. साइड कव्हरचं पॅकिंग नवीन, ऑइलही नवीन. जुन्या प्लेटा मागून घ्या आणि जाडी स्वतः वर्निअरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) मोजून बघा.

काम सकाळी दूध घालून झालं की लगेच लावा, सुटे भाग आधी आणून ठेवलेत तर संध्याकाळी गाडी हातात मिळते. पहिले काही दिवस पोतं नको. आणि घाटात वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाका, वळणात लिव्हरवर बोट ठेवू नका.