माणशी खर्चाच्या हिशेबात कोकणातला दवाखाना बसतो का?

जांभा (धागाकर्ता)
सपाट प्रदेशात 5,000 आणि डोंगराळ वा आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे 30,000 आणि 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे. वरवर तो कारकुनी वाटतो, पण उपलब्ध पैशात जास्तीत जास्त माणसांपर्यंत पोचावे हा त्यामागचा विचार अर्थशास्त्राचा आहे. कोकणात तो अडखळतो. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली आणि सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. चाकरमानी मुंबईला गेले आणि वाडीत मागे राहिली ती बरीचशी म्हातारी माणसे, म्हणजे दवाखान्याची गरज ज्यांना अधिक तीच. माणसे कमी झाली म्हणून वाडीपासून दवाखान्याचे अंतर घटले नाही. आरोग्याच्या निर्णयांत माणशी खर्चाला अंतराच्या आधी स्थान देणे मला चुकीचे वाटते.

आकडेमोड
पूर्णतः असहमत. सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात होते आणि ते गाठले गेले नाही. पैसा अपुरा असताना हिशेब मांडायचा नाही असे ठरवले, तरी वाटप थांबत नाही. ते पुढाऱ्याच्या वजनाप्रमाणे होते आणि त्यात दुबळ्या वाडीच्या वाट्याला सर्वांत कमी येते. शिवाय केंद्र उघडले म्हणजे सेवा मिळाली असे नव्हे. सिझेरियनला भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागते आणि नित्य सरावाचा हात लागतो. महिन्यातून एखादी शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी ती करणे महाग तर आहेच, बाळंतिणीसाठी धोक्याचेही आहे. अशा सेवा एकवटाव्यात आणि उरलेल्या पैशातून रुग्णवाहिका वाढवाव्यात.

निवृत्त सिस्टर
सिझेरियनबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. परंतु सर्पदंशाला तो तर्क लागू होत नाही. जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, हात घातला आणि फुरसे चावले, तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती तपासण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, नळी 20 मिनिटे जराही न हलवता ठेवायची आणि मग कलती करून पाहायची; रक्त पातळच राहिले असेल तर प्रतिविष चालू करायचे. याला लागते एक नळी, एक घड्याळ, प्रतिविषाच्या कुप्या आणि रात्री हजर असलेले माणूस. बहुतेक रात्री त्या माणसाला काम नसते, म्हणून हिशेबात ते रिकामे दिसते. आगीचा बंबही बहुतेक दिवस उभाच असतो, तो कोणी विकायला काढत नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे काम इथे आठवावे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर वापरून दाखवले. पूर्वी ज्या दंशात दहातले जवळपास चार रुग्ण दगावत, तिथे मृत्यू अगदी थोड्यांवर आले. कोणत्याही अर्थतज्ज्ञाच्या कसोटीला हे औषध उतरेल, पण वेळेत दिले तरच; आणि वेळेत म्हणजे जवळ.

सावंतवाडीकर
सरकारचा खर्च वाचला की खर्च वाचला, असे गृहीत धरले जाते. सिंधुदुर्गातले रुग्ण वर्षानुवर्षे बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जात आले. 2018 मध्ये गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले. गोव्याच्या बाजूने त्यात तर्क होता, कारण गोवेकरांच्या करातून चालणारी सेवा शेजाऱ्यांना फुकट का द्यावी? पण त्याआधीही हा उपचार फुकट नव्हता: गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि तिथे राहण्याखाण्याचा खर्च घरचेच सोसत होते. तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. सिंधुदुर्गातच ओरोसला 2021 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पण तज्ज्ञांची सगळी पदे भरली नाहीत तर बांबोळीची वाट सुटायची नाही.

आकडेमोड
हा दोष अर्थशास्त्राचा नाही, अर्धवट हिशेबाचा आहे. रुग्णाच्या घरचा खर्च धरून मूल्यमापन करण्याची पद्धत या शास्त्रातच आहे. खात्याला ती गैरसोयीची वाटते, एवढेच. सिस्टरांचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे, कारण हिशेब नीट मांडला की प्रतिविष प्रत्येक केंद्रात ठेवणे स्वस्त ठरेल आणि प्रत्येक तालुक्यात शस्त्रक्रियागृह उभारणे महाग.

जांभा
नीट मांडलेल्या हिशेबातही म्हातारा माणूस हलकाच भरतो. जागतिक बँकेच्या 1993 च्या अहवालात आजाराने हिरावलेली निरोगी वर्षे मोजण्याची पद्धत आली, तेव्हा तरुण वयातल्या वर्षांना उघडपणे जास्त वजन दिले होते. पुढे 2010 च्या जागतिक रोगभाराच्या अभ्यासात ते काढून टाकले, हे योग्यच झाले. तरीही पंचाहत्तरीच्या आजीला वाचवले तर पदरात पडणारी वर्षे थोडीच, त्यामुळे तिच्यावरचा तेवढाच खर्च विशीतल्या मुलावरच्या खर्चापुढे मागे पडतो. ज्या जिल्ह्यातला तरुण आपले कमावते आयुष्य मुंबईत घालवतो, त्या जिल्ह्याची बाजू या मापात आधीच लंगडी असते. तुम्ही घरचा खर्च धरायला तयार आहात, तर या पद्धतीतून येणाऱ्या आकड्यात आजीचे वजन किती धरायचे आणि ते कोणी ठरवायचे, तेही सांगा.

आकडेमोड
ते ठरवणे अर्थतज्ज्ञाचे काम नाही, हे मान्य. जिल्हा नियोजन समितीत त्यावर उघड चर्चा होऊन वजन ठरावे आणि मग हिशेब त्याप्रमाणे करावा. मात्र आजीला जास्त वजन दिले तर ते कुठल्या खर्चातून काढणार, हे त्याच बैठकीत लेखी नोंदवावे लागेल.