ईसीएस: चौक रिकामा झाला की शेवटच्या गाड्यांची मेमरी सुटत नाही

पेठेतला_प्रोग्रॅमर
युनिटी गेम इंजिन 2022.3, त्याचं ईसीएस पॅकेज एन्टिटीज 1.0 (एन्टिटी म्हणजे वस्तू, कंपोनंट म्हणजे तिच्यावरची माहिती, सिस्टिम म्हणजे ती माहिती हाताळणारा कोड). स्वारगेटच्या जेधे चौकाचं वाहतूक सिम्युलेशन आहे. प्रत्येक गाडीच्या एन्टिटीवर 'गाडी' हा साधा कंपोनंट आणि 'मार्गसाठा' हा आयक्लीनअपकंपोनंटडेटा (एन्टिटी डिस्ट्रॉय केली तरी आपण काढेपर्यंत टिकणारा कंपोनंट). मार्गसाठ्यात बिंदूंची अनसेफलिस्ट, अलोकेटर पर्सिस्टंट, म्हणजे मेमरी आपणच डिस्पोज करून सोडायची. गाडी सातारा रस्त्याला लागली की डिस्ट्रॉयएन्टिटी. एकच सिस्टिम नव्या गाडीला साठा जोडते आणि गेलेल्या गाडीचा साठा डिस्पोज करून कंपोनंट काढते.

रहदारी चालू असताना सगळं चोख. चौक रिकामा झाला की शेवटच्या काही एन्टिटी नुसता मार्गसाठा घेऊन तशाच पडून राहतात. पुढची लाट आली की जातात. मधेच प्ले थांबवलं तर मोजणी: 300 लिस्ट घेतल्या, 288 सोडल्या. ऑनक्रिएटमध्ये रिक्वायरफॉरअपडेट 'गाडी'साठी, एवढी एकच ओळ आहे.

कात्रज_बोगदा
तीच ओळ नडतेय. सिस्टिमच्या दारावर तुम्ही पुणेरी पाटी लावली आहे: 'गाडी असेल तरच आत यावे.' डिस्ट्रॉय केल्यावर क्लीनअप सोडून बाकीचे कंपोनंट लगेच निघतात, म्हणजे 'गाडी' गेली. शेवटच्या 12 गाड्या एका फ्रेममध्ये गेल्या की जगात 'गाडी' उरतच नाही, ऑनअपडेट (सिस्टिमचं दर फ्रेमचं काम) चालत नाही आणि आवरायला कोणी येत नाही. पुढच्या लाटेत पाटीची अट पुरी होते, मग जुनी थकबाकीही निघते.

सिस्टिम दोन करा. जोडणारीची क्वेरी (कुठल्या एन्टिटी हव्यात ती अट): 'गाडी' आहे, 'मार्गसाठा' नाही. सोडणारीची: 'मार्गसाठा' आहे, 'गाडी' नाही. रिक्वायरफॉरअपडेटला ज्याची त्याची क्वेरीच द्या. काम नसेल तेव्हा दोन्ही गप्प बसतील. एकच सिस्टिम ठेवायची असेल तर रिक्वायरएनीफॉरअपडेटला दोन्ही क्वेरी देता येतात, पण मी दोनच करेन, वाचायला सोपं पडतं.

सोडताना आधी फोरईचमध्ये सगळ्या लिस्ट डिस्पोज करा, मग लूपच्या बाहेर त्याच क्वेरीवर एकदाच रिमूव्हकंपोनंट. लूपच्या आत काढलात तर स्ट्रक्चरल चेंजची (लूप चालू असताना एन्टिटीचे कंपोनंट बदलल्याची) एरर येईल. शेवटचा क्लीनअप कंपोनंट निघाला की एन्टिटी आपोआप नष्ट होते, पुन्हा डिस्ट्रॉय म्हणायची गरज नाही.

अनसेफ_काका
वरचं बरोबर, पण अर्धंच. प्ले थांबवल्यावर वर्ल्ड (सगळ्या एन्टिटी आणि सिस्टिम ज्यात असतात ते) मोडताना आधी सिस्टिम जातात, मग एन्टिटींचा साठा. चौकात उभ्या असलेल्या गाड्यांचं काय? त्यांना डिस्ट्रॉय कोणी म्हणालंच नाही, त्यामुळे सोडणारीची क्वेरी त्यांना पकडत नाही. तिच्या ऑनडिस्ट्रॉयमध्ये आधी कम्प्लीटऑलट्रॅक्डजॉब्ज (दुसऱ्या थ्रेडवर चालणारी कामं, म्हणजे जॉब, पुरी होऊ देणं), मग 'गाडी' असो-नसो, झाडून सगळे मार्गसाठे डिस्पोज करा.

दुसरं, सोडताना मार्गसाठा रेफआरओने (फक्त वाचायला) घेऊ नका, रेफआरडब्ल्यूने (वाचायला-लिहायला) घ्या. नुसतं वाचणार म्हटलं तर युनिटी फक्त लिहिणाऱ्या जॉबसाठी थांबते, दुसरे वाचणारे चालूच राहतात. एखादा जॉब फक्त 'मार्गसाठा' मागत असेल तर त्याच्या हाती अनाथ ('गाडी' गेलेल्या) एन्टिटीही लागतात. अनसेफलिस्टला सेफ्टी हँडल (चुकीचा वापर पकडणारी तपासणी) नाही, म्हणजे एरर न येता सरळ क्रॅश.

आणि लिस्ट लोकल व्हेरिएबलमध्ये घेऊन तिच्यात भर टाकता का? ती स्ट्रक्ट आहे, लोकलमध्ये घेतली की प्रत बनते. कपॅसिटी संपली की नवी जागा घेतली जाते, जुनी सोडली जाते. कंपोनंटमधली प्रत मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. पुढे डिस्पोज केलंत की डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा सोडली. भर टाकायची तर रेफआरडब्ल्यूच्या व्हॅल्यूआरडब्ल्यूवरच, म्हणजे कंपोनंटमधल्या मूळ लिस्टवरच.

पेठेतला_प्रोग्रॅमर
दोन सिस्टिम केल्या, ऑनडिस्ट्रॉयही लिहिलं. आता 300 ला 300. एक शंका: इन्स्टँशिएटने गाडीची नक्कल काढली तर दोघींच्या साठ्यात एकच पॉइंटर (मेमरीचा पत्ता) जाईल ना? आणि सध्या चौकातला गाड्यांचा आकडा स्टॅटिक फील्डमध्ये आहे.

कात्रज_बोगदा
नाही जाणार. क्लीनअप कंपोनंट नकलेत उतरतच नाहीत. नवी गाडी साठ्याशिवाय येते आणि जोडणारी तिला पुढच्या फेरीत स्वतंत्र लिस्ट देते. बेकिंगमध्ये (एडिटरमधला सीन एन्टिटींत बदलताना) लावलेलाही टिकत नाही, तेव्हा रनटाइमलाच जोडा.

स्टॅटिक मात्र काढा. डोमेन रीलोड (प्ले दाबल्यावर स्क्रिप्टची स्थिती कोरी करणं) बंद असेल तर मागच्या प्लेचा आकडा तसाच राहतो, शिवाय बर्स्टला (युनिटीच्या वेगवान कंपायलरला) बदलतं स्टॅटिक फील्ड चालत नाही. फक्त त्याच सिस्टिमला लागणारा आकडा आयसिस्टमच्या साध्या फील्डमध्ये ठेवा. सिग्नलच्या सिस्टिमलाही बघायचा असेल तर सिंगलटन कंपोनंट (वर्ल्डमध्ये एकच असणारा).