मदत हवी आहे: 'कन्सिडरेशन'ला मराठीत काय लिहायचं? (तातडीचं)

ऋजुता_क: एका दस्ताचा मराठी मसुदा करतेय. उद्या अकराला सही आहे आणि 'कन्सिडरेशन'पाशी अडलेय. कोशात विचार, मान, मोबदला सगळंच दिलंय. नेमका शब्द कुठला? लवकर सांगा.

शब्दवेडा: पूर्ण वाक्य द्या. 'अंडर कन्सिडरेशन' असेल तर विचाराधीन. 'दोन कन्सिडरेशन्स' म्हणजे दोन मुद्दे. शेजाऱ्यांबद्दल कन्सिडरेशन म्हणजे त्यांची जाण ठेवणं.

ऋजुता_क: दस्त म्हटलं ना!

वकीलकाका: मग मोबदला. सूची क्र. २ ची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याची) कुठलीही प्रत काढा, 'मोबदला' आणि 'बाजारभाव' छापलेलंच असतं.

अनुवादक_पुणे: काका, मोबदला म्हटलं की लोकांना फक्त पैसे दिसतात. १८७२ च्या करार कायद्यात एखादी गोष्ट करणं किंवा न करणं हेही कन्सिडरेशनच. १९६० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायपीठ) चॉकलेटची तीन रिकामी वेष्टनंसुद्धा त्यात धरली होती. 'प्रतिफल' लिहा.

वकीलकाका: प्रतिफल वाचून दाखवा, पक्षकार विचारतो कसलं फळ.

ऋजुता_क: वाद नका घालू हो. वाक्य आहे 'इन कन्सिडरेशन ऑफ नॅचरल लव्ह अँड अफेक्शन'. आई मला फ्लॅट बक्षीस देतेय. तिला सही करण्याआधी सगळं मराठीत वाचायचंय. मी 'प्रेम विचारात घेऊन' लिहिलं होतं. ओळीवरून फिरणारं तिचं बोट तिथेच थांबलं. म्हणाली, "विचारात काय घ्यायचंय त्यात?"

वकीलकाका: अहो, बक्षीसपत्र आहे हे आधी सांगायचं! मोबदला मागे घेतो, अजिबात लिहू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२२ बघा: बक्षीस स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवायच असतं. 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी' लिहा.

गृहनिर्माण_मित्र: राहतं घर मुलीला दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. दोन साक्षीदार न्या. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नावावर करून घ्यायला विसरू नका, आमचं चार वर्षं लटकलं.

शब्दवेडा: तिने शुल्क विचारलंच नाहीये. पण 'पोटी' सुरेख! आपण नाम शोधत बसलो आणि काम झालं शब्दयोगी अव्ययाने.

अनुवादक_पुणे: 'प्रेमाखातर' का नको?

शब्दवेडा: 'खातर'मध्ये कुणाच्या तरी शब्दाला मान दिल्यासारखं वाटतं. 'पोटी' आतून येतं.

अनुवादक_पुणे: मला नाही पटत. देशाखातर जीव देणारा काय कुणाचा शब्द राखतो?

ऋजुता_क: 'जिव्हाळ्यापोटी' लिहून आईला वाचायला दिलं. या वेळी बोट थांबलं नाही. काका, मनापासून आभार. पुढच्या ओळीत 'पझेशन अँड एन्जॉयमेंट' आहे. ताबा कळलं, एन्जॉयमेंटला काय लिहू? आनंद?

वकीलकाका: वहिवाट.